शिकायला घराबाहेर राहताय आणि कुत्रा पाळायचाय?

जात कोणती, रंग कोणता, नाव काय ठेवायचं हे सगळं नंतर. आधी या सेमिस्टरचं टाइमटेबल समोर घ्या आणि आठवड्यातला सगळ्यात भरगच्च दिवस शोधा. त्या दिवशी कुत्रा सलग किती तास एकटा राहणार, ते मोजा. पूर्ण वाढ झालेला, निरोगी कुत्रा सहा तास निभावून नेतो. आठ तासांच्या पुढे त्याला लघवी रोखून धरायला लावणं म्हणजे छळ आहे. माझ्या भुरीचा अवघड दिवस गुरुवार, कारण तेव्हा माझं प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत लांबतं. दुपारी माझी एक मैत्रीण येऊन तिला फिरवून आणते. ही सोय पक्की झाली, तेव्हाच मी भुरीला आणलं. तुमच्या अवघड दिवसासाठी असं माणूस मिळत नसेल, तर सध्या थांबा. शेजारच्या कुणाचा कुत्रा रोज फिरवायला घ्या. त्यातही खूप आनंद आहे.

पिल्लू आणू नका. हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळ्यांचे चेहरे उतरतात. पण पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवला की साधारण तेवढेच तास ते लघवी रोखू शकतं. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला दर तीन तासांनी बाहेर न्यावं लागणार, रात्रीसुद्धा. शिवाय माणसं, आवाज, इतर कुत्रे यांची भीती न वाटण्याची सवय त्याला पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत लागते. नेमका तोच काळ ते बंद खोलीत एकटं काढणार. त्यापेक्षा प्राण्यांच्या निवाऱ्यातून दोन-तीन वर्षांचा कुत्रा घ्या. त्याचा स्वभाव घडलेला असतो. तो मांजरावर धावतो का, एकटा राहतो का, हे तिथली माणसं आधीच सांगू शकतात. भुरी अशीच आली.

परवानगी लेखी घ्या. घरमालक तोंडी ‘चालेल’ म्हणाले, तरी भाडेकरारात ती ओळ आलीच पाहिजे. हॉस्टेलवर लपवून ठेवायचा विचारही करू नका; पकडले गेलात तर तुम्हाला दुसरी खोली मिळेल, त्याला नाही. रूममेट असतील तर प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. चारचौघांत कुणी नाही म्हणत नाही.

आता एकटं राहायला शिकवण्याबद्दल, कारण सगळं इथेच अडतं. कुत्रा आणल्यावर निदान आठवडाभर सुट्टी हवी. पहिल्या दिवसापासून ‘जाणं’ बारीक तुकड्यांत शिकवा. चप्पल घाला, किल्ली उचला आणि परत खुर्चीत बसा. किल्लीच्या आवाजाला भुरीचे कान उभे राहायचे, मग ती दाराशी जाऊन धापा टाकायची. दिवसभरात अधूनमधून हेच करत राहिले, तसतशी तिने मान वर करणं सोडलं. त्यानंतर दाराबाहेर अर्धा मिनिट, मग दोन, मग पाच. तो शांत असताना परत या. वेळ वाढवण्याची घाई करू नका. जाताना मिठ्या नकोत, आल्यावर जल्लोष नको. जुना फोन खोलीत रेकॉर्डिंगला लावून ठेवा आणि पहिला अर्धा तास नीट बघा, कारण त्रास होणारा कुत्रा बहुधा तेवढ्यातच अस्वस्थ होतो. तो लाळ गाळत असेल, दार ओरबाडत असेल, रडत असेल, तर तो खोडसाळपणा नाही, घबराट आहे. त्याला ओरडून ती वाढते. वेळ पुन्हा कमी करा आणि तरीही जमेना, तर पशुवैद्यांना गाठा. त्यावर उपचार आहेत.

निघण्याआधी त्याला चांगलं दमवा. नुसतं चालणं पुरत नाही. वाटेत मनसोक्त वास घेऊ द्या, कुत्र्याचा मेंदू त्यानेच थकतो. सकाळचं खाणं मी भांड्यात देत नाही, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून देते. भुरी पंजाने एकेक घडी उलगडत, नाक खुपसत दाणा न् दाणा शोधते आणि त्यानंतर झोपते.

विद्यार्थ्याच्या खोलीत कुत्र्याला विष ठरणाऱ्या वस्तू हाताशीच पडलेल्या असतात. चॉकलेट, मनुका आणि द्राक्षं, कांदा-लसूण, झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) असलेलं बिनसाखरेचं च्युइंगम, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉलच्या गोळ्या. बॅग जमिनीवर ठेवायची सवय मोडा. रूममेटलाही ही यादी द्या आणि दारावर चिकटवा. काही खाल्लंच तर लक्षणांची वाट बघू नका, घरी उलटी करवू नका. वेष्टन घेऊन थेट डॉक्टरकडे जा.

रेबीजची लस कधीच चुकवू नका. एकदा लक्षणं दिसली की हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो. बाकीच्या लसी, जंताचं औषध, गोचिडांचं औषध यांच्या तारखा परीक्षेच्या वेळापत्रकासोबत त्याच कॅलेंडरवर लिहा. निरोगी कुत्र्याच्या अंगाचं तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं, म्हणजे तो हाताला आपल्यापेक्षा गरमच लागतो. थर्मामीटर लावल्याशिवाय घाबरू नका. आणि दर महिन्याला थोडे पैसे फक्त त्याच्या आजारपणासाठी बाजूला टाका. मी पुस्तकांच्या आधी ते टाकते.

परीक्षेच्या दिवसांत त्याच्या फिरण्याच्या वेळा हलवू नका. भुरीच्या सकाळच्या फेरीने माझाच अभ्यास सुरळीत चालतो, पण तो वेगळा विषय.

सुट्टीत घरी नेणार असाल तर घरच्यांना आधी विचारा आणि त्याचं अंथरूण न धुता सोबत घ्या. खाणं बदलायचं असेल तर आठवडाभरात थोडंथोडं मिसळत बदला, नाहीतर जुलाब ठरलेले. नेणार नसाल, तर तो ज्यांच्याकडे राहणार त्यांच्याकडे आधी एक रात्र राहून येऊ द्या.

शेवटचं काम आजच करा. शिक्षण तीन-चार वर्षांत संपेल, कुत्रा बहुधा दहा-बारा वर्षं जगेल. नोकरी दुसऱ्या शहरात लागली, तुम्हीच दवाखान्यात दाखल झालात, तर तो कुणाकडे जाणार? त्या माणसाला स्पष्ट विचारा. मग एका कागदावर त्यांचा नंबर, डॉक्टरांचा नंबर, खाण्याचं प्रमाण, चालू औषधं आणि कशाला घाबरतो ते लिहा. भुरीच्या कागदावर शेवटी लिहिलंय: फटाक्यांना घाबरते, पलंगाखाली जाऊ द्यावं, ओढून काढू नये.