घरचा सर्व्हर व्ही६ वर, पाहुणे व्ही४ वर: मध्ये रिले कसा बसवावा

आमच्या सांगलीच्या घरी एका छोट्या मशीनवर घरातले सगळे जुने फोटो ठेवलेत. बाबांनी दोन वर्षं बसून एकेक स्कॅन केलेले. पुण्याची बहीण मोबाइलवर ते पान झटकन उघडते. नाशिकच्या आत्याचा मात्र फोन आला, "अरे, साइट सापडत नाही म्हणतंय. तू बंद केलंस का?" बंद काहीच नव्हतं. इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या दोन पद्धती आहेत, जुनी आयपीव्ही४ आणि नवी आयपीव्ही६, थोडक्यात व्ही४ आणि व्ही६. बहिणीच्या मोबाइलला आयपीव्ही६ मिळतं, आत्याच्या ब्रॉडबँडला फक्त जुनं आयपीव्ही४. आणि आमच्या घराला बाहेरून पोहोचता येईल असा जुना पत्ताच नाही.

व्ही४ सप्टेंबर १९८१ चं. त्यात पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ ला वाटले गेले आणि आशिया-पॅसिफिकच्या नोंदणी संस्थेने, एपनिकने, १५ एप्रिल २०११ पासून उरलेले पत्ते मोजूनमापून द्यायला सुरुवात केली. म्हणून आता कंपन्या शेकडो घरांना एकाच जुन्या पत्त्यामागे बसवतात. घरातून बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. व्ही६ चा पत्ता १२८ बिटांचा, त्यात ही टंचाई नाही.

पण दोघांचं थेट बोलणं होऊच शकत नाही. व्ही४ च्या पाकिटावर पत्त्याला चार बाइटची जागा असते, व्ही६ चा पत्ता सोळा बाइटचा. आत्याच्या लॅपटॉपला माझ्या घराचा पत्ता लिहायला जागाच नाही. म्हणून मध्ये एक दुभाष्या, म्हणजेच रिले, लागतो, ज्याचा एक पाय जुन्या जाळ्यात आणि एक नव्यात आहे. तो आत्याची जोडणी जुन्या बाजूने घेतो, नव्या बाजूने माझ्या घराशी दुसरी जोडणी उघडतो आणि इकडचे बाइट तिकडे देत राहतो.

आधी घर तपासा

राउटरच्या पानावर 'वॅन' खाली दिसणारा जुना पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात. हा पट्टा त्यासाठीच राखलेला आहे. तसा नसेल आणि 'माझा आयपी' सांगणाऱ्या साइटवरही तोच पत्ता दिसत असेल तर रिलेची गरजच नाही, साधं पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरला आलेली जोडणी घरातल्या ठरलेल्या मशीनकडे वळवणं) पुरेल.

मग सर्व्हरचा नवा पत्ता बघा. तो २ किंवा ३ ने सुरू व्हायला हवा. 'एफई८०' ने सुरू होणारा फक्त त्याच जाळ्यापुरता असतो, 'एफडी' वाला घरगुती. २ वालेही बऱ्याचदा दोन दिसतात, त्यातल्या एकापुढे 'टेम्पररी' लिहिलेलं असतं. तो घेऊ नका, काही तासांनी किंवा दिवसांनी बदलतो.

राउटरच्या व्ही६ फायरवॉलमध्ये त्या एका मशीनचं ४४३ हे पोर्ट, म्हणजे एचटीटीपीएसचं क्रमांकाचं दार, उघडा. इथे फॉरवर्डिंग नसतं, फक्त परवानगी द्यायची असते. काही राउटरमध्ये हे पानच नसतं. तसं असेल तर घरच्या मशीनने स्वतः बाहेर वायरगार्डचा (एका व्हीपीएन साधनाचा) बोगदा उघडावा लागतो. तो वेगळा विषय आहे.

दोन्ही पत्त्यांचं मशीन भाड्याने घ्या

सगळ्यात लहान व्हीपीएस, म्हणजे डेटा सेंटरमधलं भाड्याचं आभासी मशीन, पुरतो, कारण काम फक्त बाइट पुढे ढकलायचं आहे. जागा जवळची घ्या. पाहुणे महाराष्ट्रातले असतील तर मुंबईचं डेटा सेंटर उत्तम. सिंगापूरला घेतलंत तर प्रत्येक फोटो समुद्र ओलांडून परत येईल. घेताना दोन्ही पत्ते मिळतात ना ते नीट वाचा. जुना पत्ता आता महाग झालाय: अमेझॉनची क्लाउड सेवा १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक व्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट लावते. त्यामुळे स्वस्त योजनांत कधीकधी फक्त व्ही६ देतात आणि मग आपल्या कामाचं काहीच होत नाही.

मशीन हातात आलं की पहिली गोष्ट, तिथून 'कर्ल -६' ने (कर्ल ही पान मागवणारी कमांड, -६ म्हणजे फक्त व्ही६ वरून) घरचं पान मागून बघा. ते आलं नाही तर पुढचं काही करू नका, आधी घरचं फायरवॉल सोडवा.

सॉकॅटने चाचणी

सॉकॅट नावाचं एक छोटं साधन आहे, सगळ्या लिनक्सवर मिळतं. त्याची कमांड दोन भागांत असते: कुठे ऐकायचं आणि कुठे पोहोचवायचं. पहिल्या भागात 'टीसीपी४-लिसन', मग विसर्गचिन्ह (:), मग पोर्ट, समजा ८४४३, आणि स्वल्पविराम देऊन 'फोर्क'. मध्ये एक मोकळी जागा. दुसऱ्या भागात 'टीसीपी६', विसर्गचिन्ह, चौकटी कंसात घरचा पत्ता, पुन्हा विसर्गचिन्ह आणि ४४३. टाइप करताना अर्थातच सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत.

चौकटी कंस विसरू नका. [२००१:डीबी८::१०]:४४३ यातला कंस काढला तर पत्ता कुठे संपला आणि पोर्ट कुठे सुरू झालं हे मशीनला कळत नाही, कारण दोन्हीकडे विसर्गचिन्हच आहे. 'फोर्क' विसरलात तर पहिला पाहुणा जोडला जाईल आणि तो गेला की सॉकॅट बंद.

आता फक्त व्ही४ असलेल्या जोडणीवरून भाड्याच्या मशीनचा जुना पत्ता आणि ८४४३ उघडा. ब्राउझर प्रमाणपत्राबद्दल कुरकुर करेल, कारण आपण नावाऐवजी आकडे दिलेत. ती कुरकुर दिसणं हीच चांगली बातमी, म्हणजे घराचं प्रमाणपत्र जुन्या जाळ्यापर्यंत पोहोचलं.

कायमसाठी एनजिनएक्स

रोजच्या वापराला मी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवतो. त्याच्या सेटिंगमध्ये 'स्ट्रीम' नावाचा गट लिहायचा, 'एचटीटीपी' गटाच्या बाहेर. आत लिहिला तर चालतच नाही. डेबियन या लिनक्सवर स्ट्रीमचं मोड्यूल वेगळं बसवावं लागतं. गटात एक 'सर्व्हर', त्यात दोन ओळी: 'लिसन ४४३' आणि 'प्रॉक्सी_पास' पुढे घराचं नाव व पोर्ट. मग 'एनजिनएक्स -टी' ने तपासा आणि रिलोड करा.

स्ट्रीमच का? कारण त्यात रिले पाकीट फोडत नाही. एचटीटीपीएसचं कुलूप आत्याच्या ब्राउझरमध्ये लागतं आणि थेट सांगलीत उघडतं. भाड्याच्या मशीनला पाहुण्याचा पत्ता, साइटचं नाव आणि किती बाइट गेले एवढंच कळतं, फोटो दिसत नाहीत. घरच्यांचे फोटो परक्याच्या डेटा सेंटरमधून जाणार असतील तर ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

घराचं नाव देताना मात्र जपा. मी पाहुण्यांना दिलेलं 'फोटो' हेच नाव रिलेमध्येही लिहिलं होतं. त्या नावाला दोन पत्ते होते: नवा घराचा, जुना रिलेचा. एनजिनएक्स दोन्ही पत्ते आळीपाळीने वापरतं, त्यामुळे दर दुसरी जोडणी रिले स्वतःलाच लावायचा. पान कधी उघडे, कधी नाही. एक अख्खी संध्याकाळ मी घरच्या राउटरला दोष देत होतो. तेव्हा घरासाठी दुसरं नाव ठेवा, ज्याला फक्त नवाच पत्ता आहे, आणि रिलेला तेच द्या.

शिवाय एनजिनएक्स ते नाव फक्त सुरू होताना किंवा रिलोड करताना बघतं. राउटर बंद-चालू झाल्यावर कंपनी घरचा पत्ता बदलू शकते. मग डायनॅमिक डीएनएस (नावापुढचा पत्ता आपोआप बदलणारी सेवा) नवा पत्ता नोंदवतं, पण रिले जुन्याच दारावर टकटक करत राहतो. दर दहा मिनिटांनी क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या साधनातून) रिलोड लावून दिलं की भागतं. चालू जोडण्या त्याने तुटत नाहीत.

डीएनएसची गंमत

या सगळ्यात मला सगळ्यात आवडणारा भाग हा. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी इंटरनेटची वही. त्यात पाहुण्यांच्या नावाला दोन नोंदी द्या. 'ए' नोंदीत रिलेचा जुना पत्ता, समजा २०३.०.११३.२५. 'क्वाड-ए' नोंदीत घरचा नवा पत्ता, थेट. व्ही६ असलेली बहीण सरळ घरी येते, रिलेला हातही लावत नाही. आत्याला जुनीच नोंद उपयोगी, ती रिलेवरून येते. दोघींकडे लिंक एकच. आजचे ब्राउझर नवा रस्ता आधी धरतात आणि तो पाव सेकंदाच्या आसपास लागला नाही तर जुनाही चाचपून बघतात. त्यामुळे रिलेवरचा भार आपोआप कमी राहतो, आणि जसजसे लोक व्ही६ वर येतील तसतसा आणखी घटेल. दोन्ही नोंदींची मुदत ३०० सेकंद ठेवा, बदल लवकर पसरतो.

शेवटी 'कर्ल -४' आणि 'कर्ल -६' दोन्ही करून बघा. नुसता ब्राउझर उघडून समाधान मानू नका, तो कोणत्या रस्त्याने गेला हे सांगत नाही.

पाहुणा कोण हे घराला कळू द्या

रिलेवरून येणारी प्रत्येक जोडणी घराला रिलेकडून आल्यासारखीच दिसते. फेलटूबॅनसारखं राखणदार साधन घरी असेल तर कोणी एकाने चुकीचा पासवर्ड पाच वेळा टाकला की ते रिलेलाच बाहेर काढतं आणि व्ही४ वाले सगळेच अडकतात.

उपाय म्हणजे प्रॉक्सी प्रोटोकॉल. रिलेमध्ये 'प्रॉक्सी_प्रोटोकॉल ऑन' लिहिलं की तो जोडणीच्या तोंडाशी पाहुण्याचा खरा पत्ता एका ओळीत पाठवतो. घरच्या एनजिनएक्सला ही ओळ अपेक्षित आहे हे सांगावं लागतं. पण थेट येणारी बहीण अशी ओळ पाठवत नाही. एकाच पोर्टवर दोघींना घेतलं तर एक जण अडणारच. म्हणून घरी दोन दारं ठेवा: ४४३ सगळ्यांसाठी, ८४४३ फक्त रिलेसाठी. आणि ८४४३ च्या फायरवॉलमध्ये रिलेचाच व्ही६ पत्ता चालेल असा नियम लावा, नाहीतर कोणीही खोटी ओळ लिहून दुसऱ्याचं नाव सांगेल.

उलट बाजू: जुनं यंत्र, नवा पाहुणा

कधी उलटं असतं. दुकानातला डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) किंवा प्रिंटर फक्त व्ही४ बोलतो आणि तुम्ही व्ही६ वरून येता. त्याच जाळ्यातल्या एका मशीनवर सॉकॅटचे दोन भाग उलटे लिहा, 'टीसीपी६-लिसन' आधी आणि 'टीसीपी४' नंतर. तिथे विंडोज असेल तर काही बसवायचीही गरज नाही. ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड खिडकीत 'नेटश इंटरफेस पोर्टप्रॉक्सी' खाली 'व्ही६टूव्ही४' नियम जोडता येतो, आणि आपल्या आधीच्या कामासाठी 'व्ही४टूव्ही६'. हे नियम मशीन पुन्हा चालू केल्यावरही टिकतात. 'आयपी हेल्पर' ही सर्व्हिस चालू हवी आणि विंडोज फायरवॉलमध्ये ते पोर्ट स्वतः उघडावं लागतं. पोर्टप्रॉक्सी फक्त टीसीपी नेतं, म्हणजे वेबपानांसारख्या जोडण्या. यूडीपीवर चालणारे खेळ किंवा कॉल त्यातून जाणार नाहीत.

डीव्हीआर असा जगाला उघडताना येणाऱ्याचा पत्ता ठरवून द्या. जुन्या डीव्हीआरचे पासवर्ड कारखान्यातून आले तसेच राहिलेले असतात, आणि उघडं दार शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर दिवसरात्र चालू असतात.