टीव्ही टांगण्याआधी भिंत वाजवून बघा

नव्या घरात सामान लागलं की लवकरच टीव्ही भिंतीवर चढवायची वेळ येते. इथे परदेशात, लाकडी सांगाड्याच्या घरांच्या देशात, येऊन मला बरीच वर्षं झाली आणि ओळखीच्या अनेक घरांत या कामाला मी हातभार लावला आहे. म्हणून आधीच सांगतो, ड्रिल मशीन हातात घेण्यापूर्वी भिंतीवर बोटांनी टकटक करा. पोकळ, डबडब असा आवाज आला तर विटांच्या भिंतीची सवय तिथेच बाजूला ठेवा.

आपल्या अंगवळणी पडलेली रीत एकच: भोक पाडायचं, गिट्टी ठोकायची, स्क्रू पिळायचा. विटेत आणि काँक्रीटमध्ये ती चोख चालते, कारण स्क्रू आत शिरताना गिट्टी फुगते आणि चहूबाजूंनी दाबून बसते. लाकडी सांगाड्याच्या घरात मात्र भिंत म्हणजे जेमतेम 12 ते 13 मिमीचा जिप्सम बोर्ड आणि त्यामागे पोकळी. बोर्डाचा गाभा खडूसारखा भुसभुशीत, गिट्टीने धरायचं कशाला? माझा इथला पहिला टीव्ही मी असाच लावला होता. तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी ब्रॅकेटची वरची कड भिंतीपासून बोटभर सुटलेली दिसली, आणि खाली माझी मुलगी रांगत होती. त्या दिवसानंतर लाकूड सापडल्याशिवाय मी कुठेही भोक पाडलेलं नाही.

बोर्डामागे उभे लाकडी खांब असतात. त्यांना स्टड म्हणतात. वजन पेलायची ताकद त्यांच्यातच असते. दोन खांबांच्या मध्यांतलं अंतर बहुधा 16 इंच, म्हणजे सुमारे 40 सेंमी असतं, काही घरांत 24 इंचही. खांबाची समोरची रुंदी जेमतेम 38 मिमी, त्यामुळे बोल्ट त्याच्या बरोबर मधोमध जायला हवा. कडेला गेला तर लाकूड चिरतं.

खांब शोधायला स्टड फाइंडर मिळतो, पण एका बीपवर विसंबू नका. आतला पाइपही त्याला फसवतो. साधं लोहचुंबक भिंतीवरून हळू फिरवलं तर बोर्ड ज्या स्क्रूंनी खांबाला ठोकलाय तिथे ते चिकटतं. एकाखाली एक अशा तीन-चार जागी चिकटलं, तर खांब तिथेच आहे. मग टीव्हीमागे झाकली जाईल अशा जागी बारीक खिळा ठोकून खात्री करा. थोडं थोडं सरकत खांबाची डावी कड, उजवी कड शोधा आणि मध्य पेन्सिलीने आखा. या कामात अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

खांब नेमके सोफ्यासमोर नसले की लोक हटकून चुकतात. एक बोल्ट लाकडात, दुसरा नुसत्या बोर्डात, असा तोडगा काढतात. त्याची गरजच नाही. ब्रॅकेटची भिंतीवर बसणारी पट्टी दोन खांबांना पुरेल एवढी रुंद घ्या. बऱ्याच ब्रॅकेटांत टीव्ही अडकवायचे हुक त्या पट्टीवर डावी-उजवीकडे सरकतात, त्यामुळे मध्य साधता येतो.

ब्रॅकेट निवडताना टीव्हीच्या पाठीवरच्या चार भोकांमधलं अंतर मोजा. त्याला व्हेसा माप म्हणतात: 200 बाय 200, 400 बाय 400 वगैरे, मिलिमीटरमध्ये. ब्रॅकेट किती वजन पेलतं तेही पाहा. सपाट ब्रॅकेटवर वजन मुख्यतः खाली खेचतं. बाहेर ओढता येणारा हात असलेल्या ब्रॅकेटचं तसं नाही. टीव्ही हातभर पुढे आला की तरफ तयार होते आणि वरचे बोल्ट भिंतीतून उपटले जाऊ लागतात. खोलीला खरंच गरज नसेल तर मी सपाटच घ्यायला सांगेन. टीव्हीत जाणारे स्क्रू मात्र योग्य लांबीचेच हवेत. लांब स्क्रू जोर लावून पिळला तर आतला भाग फुटतो.

उंची ठरवायला सोफ्यावर बसा. डोळ्यांची पातळी जमिनीपासून मीटरभर किंवा थोडी वर येते, पडद्याचा मध्य त्याच सुमारास ठेवा. शेकोटीच्या वर टीव्ही नको. उष्णता त्याला सोसत नाही आणि मानही दुखते.

सॉकेट किंवा स्विचच्या सरळ वर-खाली ड्रिल करू नका, वायर बहुधा तिथूनच गेलेली असते. त्या भागाचा वीजपुरवठा बंद करूनच काम करा. मागे न्हाणीघर किंवा स्वयंपाकघर असेल तर पाइपचा धोका असतो. ड्रिल लाकडात शिरताना अचानक धातूला अडलं तर तिथेच थांबा. पाइप-वायरींच्या रक्षणासाठी खांबावर पोलादी पट्टी ठोकलेली असते, ती भेदायची नसते. मोठ्या इमारतींत खांबच पातळ पत्र्याचे असू शकतात. त्यांत लाकडासाठीचे बोल्ट धरत नाहीत, तिथे जाणकाराला बोलवा.

बोल्टच्या दांड्यापेक्षा बारीक भोक आधी पाडा, 8 मिमीच्या बोल्टला साधारण 5 मिमी. मग बोल्ट पान्याने हळूहळू आवळा. वायसर टेकला की पुरे. पाणसळ लावल्याशिवाय दुसरं भोक पाडू नका. टीव्ही उचलायला दोघं हवेतच, आणि पकड कडेला ठेवा, पडद्यावर बोटं दाबू नका. टीव्हीची साधी पॉवर केबल भिंतीच्या आतून नेऊ नका, आग लागू शकते. बाहेरून पट्टीखाली झाकली तरी नीट दिसते.

घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या. ती मिळाली नाही तर टीव्ही बैठ्या कपाटावर ठेवा, पण लहान मुलं असतील तर पट्ट्याने मागच्या खांबाला बांधाच.

टीव्हीचे पाय आणि त्यांचे स्क्रू फेकू नका. पहिल्या काही वर्षांत घर एकदा तरी बदलावं लागतं. एका पिशवीत घालून, वर टीव्हीचं नाव लिहून, ती हत्यारांच्या पेटीत ठेवा.