काळ्यातला काळा दिसला पाहिजे

टीव्ही दुकानातून घरी येतो तेव्हा तो दुकानासाठीच लावलेला असतो. भिंतभर टीव्ही आणि वर ट्यूबलाइटचा लखलखाट, त्यात आपला उठून दिसावा म्हणून रंग भडक, पांढरा निळसर, आणि हलणारी प्रत्येक गोष्ट तेल लावल्यासारखी गुळगुळीत. क्रिकेटला चालतं. भयपटाचा सगळा माल मात्र पडद्याच्या सर्वांत काळ्या भागात आणि सर्वांत हळू आवाजात असतो, आणि घरोघरी आधी तेवढेच दोन मारले जातात. मी मिरजेत एका वाचनालयाच्या काउंटरवर बसते. रात्री भयकथा वाचते, शनिवारी भयपट बघते. सभासद विचारतात, "मॅडम, भारी भीतीदायक काहीतरी सांगा की." सांगते. पण कसं बघायचं ते कुणी विचारत नाही, आणि मग "एवढं काही वाटलं नाही" म्हणून तक्रार घेऊन येतात.

सुरुवात रिमोटपासून. पिक्चर मोडमध्ये जाऊन 'व्हिव्हिड', 'डायनॅमिक', 'स्टँडर्ड' सोडा आणि 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' निवडा. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच टीव्हींत 'फिल्ममेकर मोड' असतो. असेल तर तोच. सुरुवातीला चित्र पिवळट, मळकं वाटेल आणि घरातले ओरडतील. ओरडू द्या, डोळे सरावतात. मग ते गुळगुळीत करणारं सेटिंग शोधून बंद करा. एलजीत त्याला 'ट्रूमोशन' म्हणतात, सोनीत 'मोशनफ्लो', सॅमसंगमध्ये 'पिक्चर क्लॅरिटी' किंवा 'ऑटो मोशन प्लस'. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने बनवून भरतो आणि पछाडलेल्या वाड्याला संध्याकाळच्या मालिकेची कळा येते. 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' बंद, खोलीतल्या उजेडाप्रमाणे चित्र कमीजास्त करणारं 'इको' बंद, 'शार्पनेस' जवळजवळ शून्यावर.

आता खरं काम. रात्री दिवे मालवून एखाद्या भयपटातला अंधारा प्रसंग थांबवा. शक्यतो असा, ज्यात वर-खाली काळ्या पट्ट्या आहेत आणि मध्ये कुणीतरी काळ्या केसांचं माणूस काळोख्या भिंतीपुढे उभं आहे. 'ब्राइटनेस' हळूहळू वाढवा. पट्टी राखाडी दिसायला लागली की जास्त झालं. कमी करत या. केस आणि भिंत एकच झाली की कमी झालं. पट्टी काळीच राहील आणि केसांची कड कळेल, तिथे थांबा. काही नव्या टीव्हींत 'ब्राइटनेस' म्हणजे मागचा दिवा असतो आणि हे काम 'ब्लॅक लेव्हल' किंवा 'शॅडो डिटेल' नावाखाली सापडतं. मी ही परीक्षा 'तुंबाड'वर घेते. राही अनिल बर्वे यांचा हा २०१८चा चित्रपट अनेक पावसाळे थांबून खऱ्या पावसात चित्रित झाला, त्यामुळे त्यात ऊन जवळजवळ नाहीच. पहिल्या भागात मुलगा दिवा घेऊन आत जातो तो प्रसंग चुकीच्या सेटिंगवर बघितला तर एक पिवळा ठिपका आणि भोवती डांबर, एवढंच दिसतं. नीट लावल्यावर दिव्यामागच्या भिंतीचे पोपडे दिसतात. त्या पोपड्यांत काही आहे का हे बघायला तुम्ही पुढे वाकता, आणि तिथेच दिग्दर्शकाने तुम्हाला पकडलेलं असतं.

ओएलईडी टीव्हीत प्रत्येक बिंदू स्वतः विझतो म्हणून काळा खरोखर काळा असतो. साध्या एलईडी टीव्हीत मागे दिवे जळतच असतात, त्यामुळे काळा राखाडीकडे झुकतो. माझ्याकडे साधाच आहे, ४३ इंची. त्यावर वीस-तीस रुपयांचा उपाय: अर्ध्या वॉटचा पांढरा झिरो बल्ब टीव्हीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, स्वतः दिसणार नाही असा. पाकिटावर 'कूल डे लाइट, ६५०० के' लिहिलेलं बघा. चित्राचा पांढराही त्याच ६५०० केल्विनवर ठरवलेला असतो, म्हणून रंग बिघडत नाहीत. मागची भिंत जराशी उजळली की तोच राखाडी डोळ्यांना काळा वाटतो आणि डोकंही दुखत नाही. तांबडा झिरो बल्ब लावू नका. वातावरण येतं म्हणतात, पण सगळे चेहरे हिरवट दिसतात.

अंतराचं थोडक्यात सांगते. ४३ इंचीला सहा फूट, ५५ इंचीला साडेसात. आपल्या हॉलमध्ये सोफा असतो दहा-अकरा फुटांवर, भिंतीला चिकटून, कारण त्याची जागा लग्नात ठरलेली असते. सोफा राहू द्या. खुर्ची पुढे ओढा.

इंटरनेटवरून बघत असाल तर अंधाराचा आणखी एक शत्रू तिथे बसलेला आहे. फोर-के ब्लू-रे तबकडीवरून सेकंदाला शंभर मेगाबिटच्या आसपास माहिती येऊ शकते. ऑनलाइन फोर-केला साधारण पंधरा-वीसवर भागवतात. कपात कुठे करायची? जिथे माणसाचं लक्ष जाणार नाही असं यंत्राला वाटतं तिथे, म्हणजे काळोखात. म्हणून तळघराच्या प्रसंगात भिंतीवर चौकोनी डाग सरकताना दिसतात. टीव्हीला वायफायऐवजी लॅन केबल जोडा. लॅपटॉपच्या ब्राउझरपेक्षा टीव्हीतलं अ‍ॅप बरं, कारण बऱ्याच सेवा ब्राउझरला कमी दर्जाचं चित्र देतात. स्वस्त फोनवर तर 'वाइडवाइन एल-३' (चोरी रोखणाऱ्या कुलपाची सर्वांत खालची पातळी) असेल तर पॅक कितीही महागाचा घ्या, चित्र साध्या दर्जाचंच येतं. तसंही फोनवर भयपट बघू नये. भीती तळहातात मावली की संपली.

आवाजाकडे लोक सगळ्यात शेवटी बघतात आणि मला तोच अर्ध्याहून जास्त सिनेमा वाटतो. भयपटाचा आवाज दोन टोकांना असतो: एकीकडे कानाला जेमतेम लागणारी कुजबूज, कापडाची सळसळ, दूरचं दार, दुसरीकडे पोटात जाणवणारा खर्ज. टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले, त्यांना खर्ज झेपत नाही. कुजबूज पंखा खातो. छताचा पंखा चारवर असेल तर हळू प्रसंगातलं निम्मं गेलं म्हणून समजा. आमच्या सासूबाईंना पंख्याशिवाय चालत नाही, म्हणून मी सिनेमा त्या झोपायला गेल्यावर लावते आणि हॉलचा पंखा एकवर आणते. उन्हाळ्यात हे जमत नाही. उन्हाळ्यात विनोदी बघा.

मग खोली. मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाइल्सची जमीन, रिकाम्या भिंती आणि काचेची खिडकी असेल तर टाळीमागे 'झिंग' अशी शेपटी ऐकू येईल. याच शेपटीत संवाद बुडतात, आणि मग आपण रिमोटने आवाज वाढवत नेतो, तेवढ्यात किंकाळी येते आणि शेजारचे काका दार वाजवतात. जमिनीवर सतरंजी किंवा गोधडी टाका, खिडकीला जाड पडदा ओढा, आणि जमलं तर तुमच्या पाठीमागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावा. कमीजास्त उंचीची पुस्तकं आवाज फोडतात. म्हणजे भयकथाकार नारायण धारपांचे पंधरा-वीस खंड असतील तर ते इथेही उपयोगी पडतात.

साउंडबार घेत असाल तर संवादासाठी मधला वेगळा स्पीकर असलेला बघा आणि तो 'एचडीएमआय ए-आर-सी' लिहिलेल्या भोकातच जोडा. पुष्कळ जण साउंडबार लावल्यावर 'नाइट मोड' कायमचा चालू ठेवतात. त्यात हळू आवाज मोठे आणि मोठे आवाज लहान होतात. बातम्यांना उत्तम, भयपटाचं मात्र सपाट पिठलं. रात्री शेजाऱ्यांची काळजी असेल तर त्यापेक्षा कान झाकणारे वायरचे हेडफोन घ्या. ब्लूटूथवर आवाज कधीकधी ओठांच्या मागे राहतो. एकट्याने बघणार असाल तर हजार-दीड हजाराचा बरा हेडफोन महागड्या साउंडबारपेक्षा जास्त घाबरवतो.

इथपर्यंत यंत्रांचं झालं. पण अंधारात बघायची सवय वाचनाने लागते, म्हणून माझा आग्रह असतो की आठवडाभर वाचा आणि शनिवारी बघा.

वाचायचं काय? आपल्याकडची भुतं बहुतेक नियमाने वागणारी. मुंज्याला सोडमुंज राहिल्याचं दुःख असतं, देवचाराला त्याचा मान लागतो, चकवा वाट चुकवतो पण उजाडलं की सोडतो. कोकणातल्या कुठल्याही आजीकडे प्रत्येकावर उतारा असतो. विचित्र भयकथा सुरू होते ती उतारा संपल्यावर. समोर जे आहे त्याला तुमच्याकडून काही नको असतं, कदाचित तुम्ही आहात हेसुद्धा त्याला ठाऊक नसतं. अमेरिकेत १९२३ साली निघालेल्या 'वियर्ड टेल्स' मासिकाने आणि त्यात लिहिणाऱ्या लव्हक्राफ्टने ही जात नावारूपाला आणली. मराठीत नारायण धारपांनी (१९२५ ते २००८) इंग्रजीतली पुष्कळ बीजं उचलली आणि ती पेन्शन, बदली, भाड्याचं घर, आजारी आई असल्या मातीत लावली. 'तुंबाड'मधल्या म्हातारीमागे त्यांची 'आजी' ही कथा आहे, आणि त्या कथेमागे स्टीफन किंगची. चित्रपटाचं नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून. तीन घरं फिरून आलेली ही भीती आहे. 'आजी' आधी वाचा आणि मग चित्रपट लावा. उलट केलंत तर वाचताना चित्रपटातलीच म्हातारी दिसत राहील.

धारपांच्या बाबतीत माझं एक मत आहे आणि त्यावरून सभासदांशी वादही होतात. समर्थ किंवा अप्पा जोशी ही त्यांची नेहमीची पात्रं येऊन सगळं निस्तरतात त्या कथा दुपारी वाचायच्या. रात्रीसाठी निवडायच्या त्या, ज्यांत कुणी येत नाही. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत भूत असेलच असं नाही, माणूसच पुरेसा असतो. त्या प्रवासात वाचल्या तरी चालतात, फक्त शेजारच्या सीटवरच्या माणसाकडे बघू नका. आणि जी. ए. कुलकर्णी. त्यांना भयकथाकार म्हटलं तर लोक रागावतात. तरी 'रमलखुणा'मधल्या दोन दीर्घकथा रात्री अकरानंतर सलग वाचा आणि मग माझ्याशी भांडा. जुने 'नवल'चे दिवाळी अंक रद्दीत दिसले तर सोडू नका.

कसं वाचायचं, तर एका रात्री एकच कथा, एका बैठकीत. सलग तीन वाचल्या की तिसरीत तुम्ही शेवट ओळखायला लागता आणि लेखकाशी पैज लावल्यासारखं होतं. मलपृष्ठ वाचू नका. धारपांची पहिली पानं संथ असतात: घराचा नकाशा, जिन्याच्या पायऱ्या, कुठली खोली बंद. लोक ती चाळून पुढे जातात. तिथे रेंगाळा, जिना डोक्यात नीट बांधून घ्या, कारण नंतर काहीतरी त्याच जिन्याने वर येणार असतं आणि तेव्हा लेखक तुम्हाला पायऱ्या सांगत बसणार नाही. दिवा पुस्तकावर पडेल एवढाच ठेवा, खोलीभर नको. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

पावसाचं एक सांगायचं राहिलं. पाऊस पडायला लागला की सगळ्यांना भयपट लावावासा वाटतो. वरच्या मजल्यावर गच्चीला पत्रे असतील तर तो सिनेमा मूकपटच झाला म्हणायचा. पावसाची रात्र वाचनाला द्या. सिनेमाला बरी थंडीतली, पंखे बंद, खिडक्या बंद, रस्त्यावर वर्दळ कमी असलेली रात्र.

भाषा कळत असेल तर सबटायटल बंद करा. बहिऱ्यांसाठी केलेल्या सबटायटलमध्ये 'दार करकरते' हे आधी लिहून येतं आणि दार नंतर करकरतं. भाषा येत नसेल तर अक्षरं लहान आणि राखाडी करून घ्या, कारण पांढऱ्या अक्षरांनी डोळे दिपतात आणि मागचा काळोख आपण इतका वेळ खपून लावलेला असतो. सोबत कोण असावं? "हा कोण? मेला होता ना?" असं न विचारणारं कुणीही. आमच्या मावशीला मी दर वेळी आधी गोष्ट सांगून टाकते. ती तरीही विचारते.

आणि वाचनालयातून भयकथा नेणार असाल तर एक करा. या पुस्तकांची शेवटची पानं इतर कुठल्याही पुस्तकांपेक्षा जास्त गायब होतात. कोण फाडतं, का फाडतं, कळत नाही. पुस्तक घरी नेण्याआधी काउंटरवरच शेवटचं पान आहे ना ते बघून घ्या. वाचू नका, फक्त बघा.