नॅरोबोटवर गॅस गिझर बसवताना

इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोटमध्ये, म्हणजे तिथल्या लांब, अरुंद बोटीत, राहणार असाल, तर ‘रूम-सील्ड’ गिझरच घ्या. तो जळण्यासाठी लागणारी हवा बाहेरून घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो. जुन्या बोटींवर उघड्या फ्ल्यूचे (धुराड्याचे) गिझर अजून दिसतात. ते केबिनमधलीच हवा वापरतात. बोट जेमतेम 2 मीटर रुंद, थंडीत खिडक्या बंद, त्यात गार वारा लागतो म्हणून कुणी झरोक्यात फडकं कोंबलं, की कार्बन मोनॉक्साइड साचायला वेळ लागत नाही. त्याला ना रंग, ना वास. आपल्याकडे बंद बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे माणसं दगावतात, ती यामुळेच.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. बोटीत गळला तर तळाशी बिल्जमध्ये, म्हणजे फरशीखालच्या पोकळीत, साचून राहतो. तिथे एक ठिणगीही पुरते. म्हणून सिलिंडर स्वतंत्र, केबिनपासून बंदिस्त कप्प्यात हवा, आणि त्या कप्प्याचं तळाचं भोक थेट बोटीबाहेर उघडायला हवं. तिथे दोरखंड, बादल्या ठेवून ते बुजवू नका!

जोडणी स्वतः करू नका. ‘गॅस सेफ’ या तिथल्या गॅस कारागिरांच्या यादीत नोंदणी असलेला माणूस बोलवा आणि त्याच्या कार्डाची मागची बाजू पाहा. बोटीवरच्या एलपीजी कामाची पात्रता तिथे लिहिलेली असते. घरगुती गॅसची पात्रता इथे चालत नाही.

कार्बन मोनॉक्साइड अलार्म ‘बोट सेफ्टी स्कीम’ने (तिथल्या बोटींच्या सुरक्षा-तपासणीच्या योजनेने) 2019 पासून सक्तीचा केला आहे. घेताना त्यावर ‘ईएन 50291-2’ हे मानक छापलेलं आहे का, ते बघा.