बारावीनंतर बेसबॉल: कॉलेज की थेट करार?

अमेरिकेत नव्याने आलेल्या आणि ज्यांचा मुलगा हायस्कूलच्या बेसबॉल संघात चमकू लागला आहे, अशा मराठी आईवडिलांसाठी हे लिहीत आहे. "आधी पदवी, मग खेळ" हे आपले उत्तर तयार असते. ते चुकीचे नाही, पण इथले नियम समजून घेतल्याशिवाय तेवढ्यावर भागत नाही.

मेजर लीगचा, म्हणजे इथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलचा, ड्राफ्ट (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) जुलैमध्ये होतो आणि २०२१ पासून त्यात साधारण वीस फेऱ्या असतात. निवड झालेल्या मुलाने करारावर सही केली, की कॉलेजच्या संघाकडून बेसबॉल खेळण्याची वाट बंद होते. सही न करता तो चार वर्षांच्या कॉलेजात गेला, तर तिसरे वर्ष संपेपर्यंत किंवा वयाची एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत क्लब त्याला पुन्हा निवडू शकत नाहीत. दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजातील खेळाडूला ही अट नाही. या कॉलेजांना कमी लेखण्याची आपल्या घरांतली सवय बेसबॉलपुरती तरी सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सही केलेली मुले सहसा आधी मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पातळ्यांवर, खेळतात. तिथला पगार २०२३ च्या सामूहिक करारात सर्वांत खालच्या पातळीवर वर्षाला १९,८०० डॉलर, तर ट्रिपल-ए या सर्वांत वरच्या पातळीवर ३५,८०० डॉलर ठरला. राहण्याची सोय क्लब करतो, तरी एवढ्यावर आयुष्य उभे राहत नाही. म्हणून खरा विचार साइनिंग बोनसचा, म्हणजे करारावर सही केल्याबद्दल मिळणाऱ्या रकमेचा, करावा, आणि तोही कर व एजंटचा वाटा वजा करून. करारात पुढील शिक्षणाचा खर्च लिहून घेता येतो, मात्र त्याची रक्कम सहीच्या वेळीच ठरते, आणि खेळ थांबल्यापासून दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू केले नाही तर तो हक्क जातो. हा मुद्दा तोंडी आश्वासनावर सोडू नये.

आईकडून भारतीय वंशाच्या कुमार रॉकर या पिचरला (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला) २०१८ मध्ये रॉकीज या क्लबने ३८ व्या फेरीत निवडले होते. तो व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेला आणि २०२२ मध्ये रेंजर्सने त्याला एकूण तिसऱ्या क्रमांकावर घेतले. मधल्या काळात, २०२१ मध्ये, मेट्सने निवडूनही वैद्यकीय तपासणीनंतर त्याचा करार झाला नाही, हेही लक्षात ठेवावे. पिचरच्या हाताची हमी कॉलेज देत नाही आणि क्लबही देत नाही.

व्हिसाचा प्रश्न इथे जन्मलेल्या मुलांना नसतो, आपल्याला असतो. एच-४ वर (एच-१बी वर काम करणाऱ्या पालकांच्या मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर) असलेल्या मुलाला काम करून पैसे घेता येत नाहीत. क्लबला त्याच्यासाठी पी-१ या खेळाडूंच्या व्हिसाचा अर्ज करावा लागतो. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकताना जाहिरातींत स्वतःचे नाव व प्रतिमा वापरू देण्याचे पैसे घेणे जोखमीचे असते. इमिग्रेशन वकिलाची भेट ड्राफ्टच्या आधीच्या हिवाळ्यातच घ्यावी.

आमच्या मुलाच्या वेळी निवडीच्या काही मिनिटे आधी एका क्लबच्या स्काउटचा (खेळाडू हेरणाऱ्याचा) फोन आला आणि त्याने एकच विचारले, "किती रकमेला सही करणार?" आमच्या सल्लागाराने "आकडा नंतर वाढवता येतो" असे सांगून आम्हाला गाफील ठेवले होते. मी घाईत एक रक्कम सांगितली, पत्नीने मान हलवून नकार दिला, आणि मुलगा वीजबिलाच्या पाकिटावर पेनाने रेघोट्या मारत गप्प बसला. त्याला काय हवे होते, हे मी त्या रात्रीपर्यंत विचारलेच नव्हते. तो कॉलेजात गेला आणि तिथे रमला, पण तो निर्णय त्याने घेतला नाही, आमच्या गोंधळाने घेतला, याची खंत आजही आहे. कर वजा करून हातात किती यावे आणि त्याखाली कॉलेजच, हा आकडा जूनमध्येच मुलासोबत बसून ठरवावा, तो त्याच्याच हाताने लिहवून घ्यावा आणि तो कागद फोनशेजारी ठेवावा.