‘पाच एमएमचं वेल्ड’ म्हणजे नक्की कुठले पाच?

डिप्लोमा किंवा आयटीआय करून भोसरी-चाकणच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये लागलेल्या मुलांना मशीन लवकर कळतं, ड्रॉइंग उशिरा. म्हणून इंटरव्ह्यूला मी एक प्रश्न हमखास विचारतो. ड्रॉइंगवर फिलेट वेल्डच्या त्रिकोणी खुणेआधी ‘ए५’ लिहिलंय, वेल्ड केवढं मारणार? ‘पाच एमएम’ असं सांगून बहुतेक जण मोकळे होतात. कुठून कुठपर्यंत पाच, हे सांगणारा क्वचित भेटतो, आणि तो भेटला की पुढचे प्रश्न मी फारसे विचारत नाही.

दोन प्लेटा काटकोनात लावल्या की कोपऱ्यात भरलेला त्रिकोणी जोड म्हणजे फिलेट. त्याचा छेद डोळ्यांसमोर आणा. त्रिकोणाच्या दोन बाजू प्लेटांना चिकटलेल्या असतात. त्यातली एक बाजू म्हणजे लेग. कोपऱ्याच्या मुळापासून समोरच्या तिरप्या बाजूवर टाकलेला लंब म्हणजे थ्रोट. लोड पेलायला जोडातली सर्वांत कमी जाडी तिथेच मिळते, म्हणून डिझाइनवाला हिशेब थ्रोटचा करतो. वेल्डरच्या नजरेला मात्र लेग दिसतो. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

दोन्ही लेग सारखे आणि कोन काटकोन असेल, तर थ्रोट लेगच्या साधारण ०.७ पट भरतो. पोलादी बांधकामाच्या आपल्या आयएस ८०० या भारतीय स्टँडर्डमध्येही ६० ते ९० अंशांच्या कोनाला हाच आकडा धरलाय. ड्रॉइंगवरच्या वेल्डच्या खुणांसाठी युरोपात चालणाऱ्या आयएसओ २५५३ या स्टँडर्डप्रमाणे आकड्याआधी ‘ए’ असेल तर तो थ्रोट, ‘झेड’ असेल तर लेग. अमेरिकन पद्धतीच्या ड्रॉइंगवर अक्षर नसतं. नुसता आकडा, आणि तो लेगचा. पुण्यात जर्मन कंपन्या भरपूर, अमेरिकन गिऱ्हाइकांचं कामही भरपूर, त्यामुळे एकाच टेबलावर दोन्ही भाषांची ड्रॉइंगं पडलेली असतात. ‘ए५’ म्हणजे सात एमएमचा लेग, आणि नुसता ५ म्हणजे पाचच.

दोन एमएमनं काय बिघडतं, असं वाटेल. हिशेब करून बघा. लेग ५ धरला तर छेदाचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस एमएम, थ्रोट ५ धरला तर पंचवीस. सरळ दुप्पट! पोलादाच्या घनतेनं मीटरमागे वेल्डचं वजन ९८ ग्रॅमच्या जागी १९६ ग्रॅम होतं. कोटेशन लेग धरून दिलं आणि ड्रॉइंग ‘ए’चं निघालं, तर वायर आणि वेल्डरचा वेळ दोन्ही अंगावर येतात. ड्रॉइंग ‘ए’चं असून वेल्डरनं लेगच पाचचा मारला तर ते जास्त वाईट: जोडाची ताकद तीस टक्क्यांनी कमी, आणि वरून बीड, म्हणजे वेल्डची दिसणारी पट्टी, एकदम देखणं. देखण्या बीडवर विश्वास ठेवणारे इन्स्पेक्टर मी कमी पाहिलेले नाहीत.

जुन्या वेल्डरांची आणखी एक खोड असते, चांगुलपणातून आलेली. ‘साहेब, थोडं जास्तच मारलंय, मजबूत राहील.’ अशा वेळी वाद घालू नका. ‘काका, जॉब ओढला, वाकडा झाला, तर सरळ कोण करणार?’ एवढंच विचारा. जास्त वेल्ड म्हणजे जास्त उष्णता, आणि पातळ प्लेट तेवढी जास्त वाकते, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

मोजताना बीडचा आकार बघा. बीड फुगीर असेल तर वरचा फुगवटा थ्रोटमध्ये धरायचा नाही. आत दबलेलं असेल तर लेग पुरेसा दिसूनही थ्रोट कमी भरतो, तिथे लेग मोजून पास केलं की फसलात. फिलेट मोजायच्या पानांच्या गेजमध्ये या दोन आकारांसाठी वेगळे कट असतात. कुठला कशाला, ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. विचारायला लाजू नका, पुष्कळ सीनिअरही एकच कट सगळीकडे लावतात.

तुकड्यातुकड्यानं मारायच्या वेल्डमध्ये असाच एक सापळा आहे. अमेरिकन ड्रॉइंगवर ‘५०-१५०’ म्हणजे ५० एमएमचे तुकडे, एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १५०. जर्मन ड्रॉइंगवर मात्र कंसातला आकडा म्हणजे दोन तुकड्यांमधली मोकळी जागा. त्यामुळे तोच जोड तिथे ५० आणि कंसात १०० असा दिसेल.

बाकीच्या खुणा सोप्या. बाणाच्या कोपऱ्यावर गोल म्हणजे चहूबाजूंनी वेल्ड, झेंडा म्हणजे साइटवर मारायचं. खुणेच्या रेषेच्या टोकाला, म्हणजे शेपटीत, वेल्डिंगच्या पद्धतीचा नंबर असतो: १३५ लिहिलं असेल तर आपण ज्याला शॉपमध्ये सरसकट ‘सीओटू’ म्हणतो ते, १४१ म्हणजे टिग, १११ म्हणजे साधा रॉड.

आणि आकडा आहे, अक्षर नाही, टायटल ब्लॉकमध्येही (ड्रॉइंगच्या माहितीच्या चौकटीत) कुठलं स्टँडर्ड ते लिहिलेलं नाही, असं ड्रॉइंग हातात आलं तर अंदाज बांधू नका. गिऱ्हाइकाला एका ओळीचा मेल टाका, ‘थ्रोट की लेग?’, आणि आलेलं उत्तर ड्रॉइंगच्या प्रिंटला स्टेपल करूनच जॉब फिटरकडे द्या. फोनवर मिळालेलं उत्तर चालत नाही, कारण रिजेक्शन आलं की तो फोन कुणालाच आठवत नाही.