क्रोकोडिलने पोखरलेले शरीर : काय तपासावे आणि केव्हा धाव घ्यावी

सायबेरियात 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कोडीन या अफूवर्गीय वेदनाशामकाच्या गोळ्यांपासून घरीच बनवलेले एक इंजेक्शन पसरू लागले. त्यातील मुख्य मादक घटक डेसोमॉर्फिन असला, तरी लोकांनी त्याचे नाव 'क्रोकोडिल', म्हणजे मगर, असे ठेवले, कारण सुई टोचलेल्या जागेची कातडी हिरवट-काळी आणि खवलेदार होत जाते. 1 जून 2012 पासून रशियाने कोडीनयुक्त गोळ्या चिठ्ठीशिवाय विकणे बंद केले. अशा व्यसनातून गेलेल्या व्यक्तीची काळजी घेणाऱ्या घरच्यांसाठी आणि आरोग्यसेवकांसाठी पुढील मार्गदर्शन आहे.

प्रथम विष कुठे असते ते समजून घ्यावे. डेसोमॉर्फिन हे एके काळी स्वित्झर्लंडमध्ये वेदनाशामक म्हणून वापरले गेलेले औषध आहे. शरीराची नासाडी मुख्यतः होते ती द्रवात राहून गेलेल्या आम्लाने, द्रावकांनी, फॉस्फरसने आणि धातूंच्या अंशांनी. त्यातच अंमल जेमतेम दोन तास टिकत असल्यामुळे दिवसातून अनेकदा टोचून घेतले जाते आणि शिरांना भरून येण्यास उसंतच मिळत नाही.

सर्वांत आधी श्वास पाहावा. व्यक्ती हाक मारूनही उठत नसेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, श्वास मंद व अडखळत असेल आणि ओठ निळसर दिसत असतील, तर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी (महाराष्ट्रात 108, रशियात 103), श्वास चालू असल्यास कुशीवर वळवावे आणि थांबल्यास कृत्रिम श्वास द्यावा. नॅलोक्झोन (अफूवर्गीय औषधांचा परिणाम उलटवणारे औषध) उपलब्ध असेल तर ते द्यावे, पण त्याचा परिणाम ओसरल्यावर श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून शुद्ध आली तरी रुग्णालयात न्यावेच.

त्यानंतर हातपाय तपासावेत. जखम दिसते त्यापेक्षा वेदना कितीतरी जास्त असणे, लाली तासातासाने सरकणे किंवा कातडी दाबल्यावर आत बुडबुडे फुटल्यासारखी करकर जाणवणे ही खोलवर ऊती कुजत असल्याची लक्षणे असून अशा वेळी सकाळपर्यंत थांबू नये. द्रव चुकून धमनीत गेल्यास बोटे थंड, फिकट व बधिर पडतात. तिथे शेकणे, चोळणे किंवा घट्ट बांधणे या तिन्ही गोष्टी घातक आहेत. गळू घरी पिळू नये. कातडी ठीक दिसत असूनही ताप हटत नसेल, तर हृदयाच्या झडपेवर जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता असते, म्हणून प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी रक्ताचे कल्चर (रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी) घ्यावे असे डॉक्टरांना आवर्जून सुचवावे. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या चाचण्याही याच भेटीत उरकाव्यात.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते जबड्याकडे. एकोणिसाव्या शतकात आगपेट्यांच्या कारखान्यांतील कामगारांचे जबडे पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफांनी सडत असत. जवळपास तसेच चित्र क्रोकोडिल घेणाऱ्यांत दिसले आहे, आणि ते व्यसन सुटल्यानंतरही प्रकट होऊ शकते. दात हलणे, दात काढल्यावर खळगा आठवडेच्या आठवडे न भरणे, तोंडाला दुर्गंधी येणे, हिरडीतून पिवळसर हाड उघडे दिसणे यांपैकी काहीही आढळल्यास साध्या दातदुखीचे निदान मान्य करू नये. दात काढण्यापूर्वीच दंतवैद्याला सगळा पूर्वेतिहास सांगावा, कारण अशा जबड्यातून दात काढणे हेच पुष्कळदा उघड्या हाडाचे निमित्त ठरते. उपचार मुखशल्यचिकित्सकाकडे करावेत. लाजेपोटी ही माहिती दडवणाऱ्या नातेवाइकांना अनेकदा हा विलंबच सर्वांत महाग पडतो.

व्यसन सोडवताना व्यक्तीला घरात कोंडून ठेवू नये. रशियात मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिनच्या पर्यायी उपचाराला, म्हणजे व्यसनाच्या द्रव्याऐवजी देखरेखीखाली ही अफूवर्गीय औषधे देण्याला, कायद्याने मनाई आहे. भारतात मात्र ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार सरकारी केंद्रांतून मिळतो आणि त्याची चौकशी 14446 या राष्ट्रीय मदतवाहिनीवर करता येते. काही काळ सुटल्यानंतर पुन्हा पूर्वीइतकेच टोचून घेतल्यास श्वास थांबण्याचा धोका सर्वाधिक असतो, म्हणून त्या महिन्यांत नॅलोक्झोन घरात ठेवण्याबाबत डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे.